‘अजून तयार नाही’ म्हणणाऱ्यांची तयारी

व्यावसायिक कुस्तीत एखादा नवा गडी चमकू लागला, प्रेक्षक त्याच्या नावाने ओरडू लागले, की एक वाक्य हमखास कानावर येतं : “पोरगा चांगला आहे, पण अजून तयार नाही.” कशासाठी तयार नाही? तर मुख्य टायटलसाठी. समालोचक हे म्हणतात, निवृत्त पैलवान मुलाखतींत म्हणतात आणि टेन स्पोर्ट्सवर रॉ-स्मॅकडाउन बघत वाढलेली आपल्याकडची मंडळीही कट्ट्यावर तितक्याच गांभीर्याने म्हणतात. बोलताना मान जराशी तिरकी होते, आवाजात मुरलेल्या जाणकाराचा खर्ज येतो आणि पुरावा द्यायची गरज कोणालाच वाटत नाही. संयमाचा मुलामा चढवलेल्या या आळशी वाक्याचा मला वीट आला आहे.

आधी हे वाक्य कुठे उच्चारलं जातं ते पाहा. कोल्हापूरच्या खासबागेत असा प्रश्न उद्भवत नाही. समोरच्याला चितपट केलं, विषय संपला. विशीतल्या पोराने नावाजलेल्या मल्लाला अस्मान दाखवलं, तर पंच त्याला “दोन वर्षं थांब, अजून मुरायचा आहेस” असं सांगत नाहीत. डब्ल्यूडब्ल्यूईचा मामला निराळा. तिथे निकाल टेबलावर ठरतो आणि रिंगमध्ये सादर होतो. हा खेळ म्हणजे करमणूक आहे, हे खुद्द कंपनीनेच 1989 मध्ये न्यू जर्सीच्या आमदारांपुढे मान्य केलं होतं, आणि तेही क्रीडास्पर्धांचे नियम आपल्याला लागू होऊ नयेत म्हणून. म्हणजे टायटल जिंकलं जात नाही, दिलं जातं. मग जे द्यायचं की नाही ते पूर्णपणे देणाऱ्याच्या हातात आहे, त्यासाठी घेणारा ‘तयार’ आहे की नाही ही चौकशी नेमकी कशाची?

तरी विरोधकांचं म्हणणं आधी मांडतो, त्यांच्या पूर्ण जोरासकट. एक : चॅम्पियनला रोजचा मुख्य सामना ओढायचा असतो, माइकवर बोलायचं असतं, कंपनीचा चेहरा व्हायचं असतं, त्याला वर्षानुवर्षांचा अनुभव लागतो. दोन : टायटलचा पट्टा लवकर मिळाला की माणूस करपतो, रँडी ऑर्टन बघा, खली बघा, जिंदर महाल बघा. तीन : वाट पाहायला लावली की क्षण मोठा होतो, डॅनियल ब्रायन, कोफी किंग्स्टन, कोडी ऱ्होड्स ही संयमाची फळं. चार : ज्याच्या-त्याच्या कमरेला पट्टा बांधला तर त्याची किंमत ती काय राहणार? चारही मुद्दे ऐकायला भारदस्त आहेत. हात लावला की सुटे होतात.

अनुभवापासून सुरुवात करू. कर्ट अँगलने 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलं होतं, पण व्यावसायिक कुस्तीत तो अगदी नवखा होता. नोव्हेंबर 1999 मध्ये त्याने टीव्हीवरच्या कथानकात पाऊल ठेवलं आणि ऑक्टोबर 2000 मध्ये द रॉकला हरवून तो मुख्य चॅम्पियन झाला. वर्षही उलटलं नव्हतं. ब्रॉक लेसनर मार्च 2002 मध्ये पडद्यावर आला आणि त्याच वर्षी 25 ऑगस्टला, समरस्लॅममध्ये, त्यानेही रॉकलाच हरवून मुख्य टायटल घेतलं. वय 25. पाच महिन्यांत कोणता अनुभव मुरतो? अँगल आणि लेसनर यांच्याशिवाय त्या दशकाची गोष्ट कोणाला सांगता येईल?

“ते दोघे अपवाद,” असं उत्तर लगेच येतं. ठीक आहे, जपानला जाऊ. काझुचिका ओकाडा अमेरिकेतून परतला आणि 4 जानेवारी 2012 ला टोकियो डोममध्ये उतरला. त्याचा तो सामना फिका पडला. लोकांना त्याच्यात काही विशेष दिसलं नाही. न्यू जपान कंपनीने त्याला पुढच्याच महिन्यात, 12 फेब्रुवारीला, ओसाकात हिरोशी तानाहाशीसमोर उभं केलं. तानाहाशी तेव्हा त्या टायटलचे विक्रमी 11 यशस्वी बचाव करून बसला होता. ओकाडा 24 वर्षांचा. आपल्या कट्ट्यावरच्या जाणकारांना त्या दिवशी विचारलं असतं, तर त्यांनी एकमुखाने काय सांगितलं असतं हे वेगळं सांगायला नको. ओकाडा जिंकला. प्रेक्षक आधी अवाक झाले, मग त्यांना पटलं, कारण त्या रात्रीचा सामनाच तसा होता आणि त्यानंतर कंपनीने त्याच्यामागून काढता पाय घेतला नाही. जूनमध्ये त्याने पट्टा गमावला, तरी त्याच उन्हाळ्यात जी-वन स्पर्धा त्याने जिंकली. पुढे 2016 ते 2018 या काळात तोच पट्टा त्याने सलग 720 दिवस राखला. ओकाडा आधी तयार झाला आणि मग त्याला पट्टा मिळाला, असं नाही घडलं. पट्टा मिळाल्यावर जे करावं लागतं, ते करता करता तो तयार झाला. मुख्य सामन्याचा दाब मुख्य सामन्यातच कळतो, मधल्या फळीत वर्षानुवर्षं हरून कळत नाही.

अनुभवाच्या मुद्द्याला एक गंभीर उपमुद्दा जोडला जातो : सुरक्षितता. कच्चा पैलवान समोरच्याला इजा करतो. उदाहरण ठरलेलं असतं. डिसेंबर 1999 मध्ये, स्टारकेडमध्ये, गोल्डबर्गची लाथ ब्रेट हार्टच्या डोक्याला लागली आणि एका थोर पैलवानाची कारकीर्द त्यापायी संपली. घटना खरी आहे, वाईट आहे. पण त्या रात्री चॅम्पियन कोण होता? ब्रेट हार्ट. गोल्डबर्ग आव्हानवीर होता. त्याच्या कमरेला पट्टा नव्हता म्हणून हार्टचं डोकं वाचलं का? समोरच्याचं शरीर सांभाळता येत नसेल, तर त्या माणसाला पहिल्या सामन्यातही उतरवू नये, शेवटच्यातही नाही. ती रिंगमध्ये पाय ठेवायची अट आहे, टायटलची नव्हे. मधल्या फळीतल्या पैलवानांच्या माना काय स्वस्त असतात?

आता करपलेल्यांची यादी. रँडी ऑर्टनला 15 ऑगस्ट 2004 ला टोरांटोत वर्ल्ड हेवीवेट टायटल मिळालं, वयाच्या 24 व्या वर्षी. 12 सप्टेंबरला ते ट्रिपल एचने काढून घेतलं. चार आठवडे. “बघा, घाई केली,” असं लोक आजही म्हणतात. पण त्या चार आठवड्यांत झालं काय? ऑर्टन लोकांना आवडत होता तो थंड डोक्याचा, उर्मट, ‘इव्होल्यूशन’ टोळीचा लाडका खलनायक म्हणून. जिंकल्याच्या दुसऱ्याच रात्री टोळीने त्याला खांद्यावर घेतलं, टोळीचा म्होरक्या ट्रिपल एचने अंगठा खाली केला आणि ऑर्टनला एका रात्रीत सज्जन नायक करून टाकलं. ज्या गुणावर तो उभा होता तोच काढून घेतला आणि वर म्हणायचं, पोरगा पेलू शकला नाही! पुढच्या वर्षी हाच ऑर्टन पुन्हा खलनायक झाला आणि लगेच जमू लागलं. एवढ्यात त्याचं वय कितीसं वाढलं होतं?

खली आणि जिंदर ही तर विरोधकांची लाडकी उदाहरणं, आणि आपल्याला ती जरा जास्तच टोचतात. हिमाचलच्या सिरमौर जिल्ह्यातला दलिप सिंग राणा जुलै 2007 मध्ये चॅम्पियन झाला तेव्हा आपल्याकडे किती कौतुक झालं, ते आठवून पाहा. पण त्याला पट्टा मिळाला तो एज जखमी होऊन जागा रिकामी झाली म्हणून, 20 जणांच्या धुमश्चक्रीत. जिंदर महालने मे 2017 मध्ये ऑर्टनलाच हरवलं. त्यात घाई कुठे होती? खली तेव्हा 34 वर्षांचा होता. जिंदर 2011 पासून कंपनीच्या पडद्यावर होता, मध्ये बाहेर फेकला गेला होता, परत आला होता. अनुभवाची वर्षं मोजायची तर जिंदर ओकाडापेक्षा कितीतरी ‘तयार’ होता! तुमच्याच फूटपट्टीने तो उत्तीर्ण होतो, आणि तुमच्याच म्हणण्याप्रमाणे तो फसला. मग फूटपट्टी चुकीची, हे मान्य करायला काय हरकत आहे?

जिंदरच्या बाबतीत दोष कसला होता, तेही स्पष्ट आहे. एप्रिलपर्यंत तो जवळजवळ सगळ्यांकडून हरत होता, आणि एका संध्याकाळी अचानक आव्हानवीर झाला. ऑर्टनवरचा त्याचा विजयही त्याच्या साथीदार सिंग बंधूंनी लक्ष विचलित केल्यामुळे झाला, आणि नंतर तीच युक्ती पुन्हा पुन्हा वापरली गेली. भारतात बाजारपेठ हवी म्हणून पट्टा दिला, पण पट्टा बांधलेल्या माणसावर भरवसा ठेवला नाही. डिसेंबरमध्ये कंपनी दिल्लीला येणार होती. त्याच्या महिनाभर आधी, मँचेस्टरमध्ये, त्याच्याकडून टायटल काढून एजे स्टाइल्सला दिलं आणि दिल्लीत त्याला ट्रिपल एचकडून हरवलं. ज्या प्रेक्षकांसाठी हा सगळा घाट घातला, त्यांच्याच पुढे. ओकाडा आणि जिंदर यांच्यातला फरक वयाचा नाही, वर्षांचा नाही. एकाच्या मागे देणारे ठामपणे उभे राहिले आणि दुसऱ्याच्या मागे उभे राहिल्याचं नाटक करून बाजूला झाले.

तिसरा मुद्दा सगळ्यांत लोकप्रिय आहे : वाट पाहण्याचं फळ. डॅनियल ब्रायनचा एप्रिल 2014 चा, न्यू ऑर्लिन्समधला विजय आठवा, म्हणतात. आठवतो की! पण तो कोणाच्या संयमाने घडला? कंपनीने ब्रायनला पडद्यावर उघडउघड ‘बी-प्लस’ दर्जाचा ठरवलं होतं. जानेवारीत पिट्सबर्गला झालेल्या रॉयल रंबल सामन्यात त्याला घेतलंसुद्धा नव्हतं. रेसलमेनियाचा मुख्य सामना बटिस्टासाठी राखून ठेवलेला. पिट्सबर्गच्या प्रेक्षकांनी त्या रात्री इतकी हुर्यो उडवली, की बिचाऱ्या रे मिस्टेरिओलाही ती खावी लागली, कारण शेवटच्या क्रमांकावर ब्रायनऐवजी तो आला होता. पुढचे अडीच महिने लोक गप्प बसले नाहीत, म्हणून आराखडा बदलला. हे संयमाचं फळ नव्हे, बंडाचं आहे. आणि उशिराची किंमतही ऐका : मे महिन्यात ब्रायनच्या मानेवर शस्त्रक्रिया झाली, जूनमध्ये टायटल काढून घ्यावं लागलं. पैलवानाचं शरीर लेखकांच्या सोयीने थांबत नाही, हे ‘अजून थोडं थांबू’ म्हणणाऱ्यांना कोण सांगणार?

कोफी किंग्स्टनची गोष्ट तर आणखी बोलकी. 11 वर्षं तो मधल्या फळीत होता. फेब्रुवारी 2019 मध्ये मुस्तफा अली जखमी झाला, त्याच्या जागी कोफीला घातलं, तासभर तो एकामागून एक गड्यांशी झुंजला आणि लोकांनी त्याला उचलून धरलं. दोन महिन्यांत, 7 एप्रिलला, तो चॅम्पियन झाला. ही 11 वर्षांची आखणी होती म्हणे! अली जखमी झाला नसता, तर ही ‘आखणी’ आजही चालूच असती. आणि ऑक्टोबरमध्ये लेसनरने त्याला दहा सेकंदांच्या आत संपवलं. 11 वर्षं तयारी करून घेतली ती या दहा सेकंदांसाठी?

उरला कोडी ऱ्होड्स. 2023 च्या रेसलमेनियात त्याला रोमन रेन्सकडून हरवलं, 2024 मध्ये जिंकवलं, आणि दुसरा क्षण मोठा ठरला हे खरं. पण 2023 मध्ये तो 37 वर्षांचा होता, एक प्रतिस्पर्धी कंपनी उभी करून परतला होता. ‘तयार नाही’ हे कारण त्याला लागू तरी कसं होतं? आणि त्या एका वर्षाच्या प्रतीक्षेचं फळ कंपनी 2024 च्या फेब्रुवारीत द रॉकच्या हाती ठेवायला निघाली होती. कोडीने जागा सोडल्यासारखं दाखवलं, प्रेक्षकांनी आकांत केला, आणि मगच त्याला त्याचा सामना परत मिळाला. इथेही लेखकांच्या संयमाचं कौतुक करायचं, की प्रेक्षकांच्या आरडाओरड्याचं?

वाट पाहण्याच्या कथा सांगणारे आणखी एक हातचलाखी करतात. ज्यांची प्रतीक्षा फळली तेवढेच मोजतात. प्रतीक्षेत विझले त्यांची यादी कुठे आहे? 1993 मध्ये लेक्स लुगरला बसमधून अमेरिकाभर फिरवलं, झेंडे लावले, आणि समरस्लॅममध्ये त्याने योकोझुनाला हरवलंही, पण काउंट-आउटने, म्हणजे टायटल हलणार नाही अशा बेताने. वरून फुगे सोडले, सहकाऱ्यांनी खांद्यावर घेतलं, पट्टा दुसऱ्याकडेच. मोठा क्षण पुढे ठेवलाय, असा हिशोब. तो पुढचा क्षण आलाच नाही. त्या कंपनीचा मुख्य पट्टा लुगरला कधीच मिळाला नाही. ब्रॉन स्ट्रोमन 2017 मध्ये रुग्णवाहिका उलटवत होता आणि प्रेक्षक वेडे झाले होते. त्या सप्टेंबरमध्ये त्याला लेसनरपुढे हरवलं, घाई नको म्हणून. टायटल मिळालं एप्रिल 2020 मध्ये, साथीच्या काळात, कंपनीच्या प्रशिक्षण केंद्रात, समोर एकही प्रेक्षक नसताना. इतकी वर्षं ‘तयारी’ करून घेऊन शेवटी पट्टा बांधला तो शिकाऊ मुलांच्या जागेत, रिकाम्या खुर्च्यांपुढे. याहून कडू विनोद कोणत्याही लेखकाला सुचला नसता.

रोमन रेन्सचं काय, असं विचाराल. त्याला घाईने पुढे केलं म्हणूनच लोक उलटले ना? तारखा पाहा. 2014 च्या रंबलमध्ये शेवटी रेन्स आणि बटिस्टा उरले तेव्हा लोक रेन्सच्या बाजूने ओरडत होते. वर्षभराने, फिलाडेल्फियात, तोच रेन्स रंबल जिंकला तर लोकांनी इतकं झिडकारलं की हात उंचावायला आलेला रॉकही बावरला. मधल्या वर्षात रेन्सचा अनुभव वाढला होता, सराव वाढला होता. घटलं ते एकच : लोकांना तो हवा असणं. म्हणजे अनुभव वर जातो तेव्हा लोकांची ओढ खाली जाऊ शकते. या दोन गोष्टी एकाच जिन्याने चढत नाहीत, आणि आपले जाणकार मात्र फक्त पहिलीच मोजत बसतात.

आणि लोकांनी नाकारणं म्हणजे सर्वनाश, हेही खरं नाही. ड्वेन जॉन्सन नोव्हेंबर 1996 मध्ये हसतमुख रॉकी माइव्हिया म्हणून आला आणि तीन महिन्यांत इंटरकाँटिनेंटल चॅम्पियन झाला. लोकांनी त्याला अक्षरशः शिव्या घातल्या. त्याच शिव्यांचं भांडवल करून तो 1997 मध्ये खलनायक झाला आणि नोव्हेंबर 1998 मध्ये मुख्य चॅम्पियन. लवकर मिळालेल्या पट्ट्याने तो करपला नाही; त्या पट्ट्याने उठलेल्या रागातूनच द रॉक घडला. त्याला चार वर्षं सांभाळून, जपून, मुरवून ठेवलं असतं, तर एक सभ्य, विस्मरणीय रॉकी माइव्हिया नक्की मिळाला असता.

चौथा मुद्दा प्रतिष्ठेचा. नवख्याला पट्टा दिला की पट्ट्याची किंमत जाते म्हणे. हे प्रतिष्ठेचे राखणदार फेब्रुवारी 2020 मध्ये कुठे होते? रियाधमध्ये 53 वर्षांच्या गोल्डबर्गने तेव्हाच्या सर्वांत चर्चेतल्या चॅम्पियनला, ब्रे वायटच्या ‘फीन्ड’ला, काही मिनिटांत आडवं केलं आणि युनिव्हर्सल टायटल नेलं. 2017-18 मध्ये लेसनरने तेच टायटल 504 दिवस ठेवलं आणि त्यातले बहुतेक आठवडे तो टीव्हीवर फिरकलाही नाही. तेव्हा कोणी मान तिरकी करून म्हटलं का, की “गडी मोठा आहे, पण आता तयार नाही”? तयारीची परीक्षा फक्त खालून येणाऱ्यांची. वर बसलेल्यांना ती माफ. यावरूनच कळतं की हा निकष गुणवत्तेचा नाही, जागा धरून ठेवण्याचा आहे. पट्ट्याची किंमत तो किती म्हाताऱ्या हातांत फिरला यावर ठरत नाही. समरस्लॅमच्या रात्री लेसनरपुढे रॉक हरला तेव्हा पट्टा लहान झाला नाही. पुढची वीस वर्षं वापरता येईल असा एक राक्षस कंपनीला मिळाला.

तेव्हा पुन्हा कोणी “अजून तयार नाही” म्हणालं, तर त्याला पैलवानाबद्दल एकही प्रश्न विचारू नका. देणाऱ्यांबद्दल विचारा. त्याच्या हरण्या-जिंकण्याने प्रेक्षकांना आज फरक पडतो का, प्रेमाने किंवा रागाने? ज्या गुणावर तो उभा आहे, तो पट्ट्यासोबत शाबूत ठेवणार आहात का? त्याला मोठ्या नावावर निर्विवाद विजय देणार का, आणि पहिल्या फिक्या महिन्यात घाबरून माघार घेणार नाही ना? याची उत्तरं ‘हो’ असतील, तर पाच महिन्यांचा नवखाही तयार आहे. ‘नाही’ असतील, तर 11 वर्षं झिजलेलाही दहा सेकंदांत संपवला जाईल. व्यावसायिक कुस्तीत कोणी तयार होऊन चॅम्पियन होत नाही, चॅम्पियन केल्यावर तयार होतो. आणि ती तयारी करून घेणं हे पट्टा देणाऱ्यांचं काम आहे. ज्यांना ते काम जमत नाही, त्यांनी निदान आपली नालायकी चोवीस वर्षांच्या पोराच्या नावावर खपवू नये.